कन्सोल-व्यवसायातील ‘तोट्याचा सिद्धान्त’ : एक चिकित्सा

१

दूरचित्रवाणी-संचाला जोडून खेळावयाचे व्हिडिओ गेम ज्या यंत्रावर चालतात त्या यंत्रास ‘कन्सोल’ हे नाव आता सर्वत्र रूढ झाले आहे. ह्या यंत्राच्या अर्थकारणाविषयी एक विधान इतक्या वेळा आणि इतक्या निश्चयाने केले जाते की, त्यास सिद्धान्ताची प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. कन्सोल हे उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीस विकले जाते आणि त्यातील तोटा पुढे खेळांच्या विक्रीतून भरून काढला जातो, असे ते विधान होय. वस्तरा स्वस्त द्यावा आणि पात्यांवर नफा मिळवावा, हा दाखला त्याच्या पुष्ट्यर्थ नेहमी दिला जातो. विवेचनाच्या सोयीसाठी ह्या मतास ‘तोट्याचा सिद्धान्त’ म्हणावयास हरकत नाही.

हा सिद्धान्त केवळ व्यापारी कुतूहलाचा विषय असता, तर त्याची तपशीलवार चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु त्याचा उपयोग आता वर्णनापेक्षा समर्थनासाठीच अधिक होऊ लागला आहे. कन्सोल-कंपनीच्या डिजिटल दुकानातून एखादा खेळ विकला गेला की, त्याच्या किमतीपैकी साधारणतः ३० टक्के वाटा कंपनी स्वतःकडे ठेवून घेते. हा वाटा कशाबद्दल, असे विचारले असता, यंत्रावर सोसलेल्या तोट्याची ती भरपाई आहे, असे उत्तर मिळते. एपिक गेम्स आणि ॲपल ह्यांच्यामधील खटल्याची सुनावणी मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाली. तीत मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स-विभागातील वरिष्ठ अधिकारी लोरी राइट ह्यांना, कन्सोलच्या विक्रीवर कंपनीने कधी नफा मिळविला आहे काय, असा प्रश्न विचारण्यात आला. त्यांचे उत्तर नकारार्थी होते. फिर्यादी एपिकनेही ॲपलच्या ३० टक्क्यांवर कठोर आक्षेप घेताना कन्सोल-कंपन्यांच्या तितक्याच वाट्यास निराळा न्याय लावला. कारण, यंत्र त्या स्वस्तात देतात. एकच आकारणी एका ठिकाणी अन्याय्य आणि दुसऱ्या ठिकाणी रास्त ठरविण्याचे काम अशा रीतीने ह्या सिद्धान्तावर येऊन पडले.

म्हणून त्याचे दोन भाग वेगळे करून तपासणे अवश्य आहे. कन्सोल खर्चाहून कमी किमतीस विकले जाते, हा पहिला भाग वस्तुस्थितीविषयीचा आहे. खेळांवरील आकारणी ही त्या तोट्याची भरपाई होय, हा दुसरा भाग कार्यकारणाविषयीचा आहे. पहिला भाग कधी खरा तर कधी खोटा असतो, असे इतिहास सांगतो. दुसरा भाग मात्र कारण आणि परिणाम ह्यांची अदलाबदल करून उभा राहिलेला आहे. आकारणीचा अधिकार तोट्यातून उत्पन्न होत नाही. अधिकार आधी हाती असतो, म्हणूनच तोटा सोसण्याचे धाडस करता येते.

२

प्रथम वस्तऱ्याचा दाखला पाहू गेल्यास तोच डळमळीत असल्याचे आढळते. शिकागो विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर ह्यांनी २०१० साली जिलेट कंपनीच्या इतिहासाची छाननी केली. तीवरून असे दिसून आले की, १९०४ साली मिळालेल्या पेटंटचे संरक्षण असेतोवर जिलेटने आपला वस्तरा स्वस्तात विकला नाही. त्याची किंमत पाच डॉलर होती आणि त्या काळच्या कामगाराच्या मिळकतीच्या मानाने ती भारीच होती. १९२१ साली पेटंटची मुदत संपली, तेव्हा कोठे कंपनीने जुन्या घडणीचा वस्तरा एका डॉलरला विकण्यास आरंभ केला.

ह्या इतिहासातील मर्म असे की, वस्तरा स्वस्त देण्याने पात्यांचा ग्राहक आपोआप बांधला जात नाही. त्या वस्तऱ्यात बसणारी पाती दुसरा कारखानदार करू शकत असेल, तर पहिल्याने सोसलेल्या तोट्याचा लाभ दुसराच उठवील. वस्तरा आणि पाते ह्यांच्यामध्ये काहीतरी कुलूप असावे लागते. मग ते पेटंटचे असो, नाममुद्रेचे असो की यांत्रिक घडणीचे असो. दाखला देणारे लोक वस्तऱ्याची किंमत सांगतात आणि कुलपाविषयी मौन पाळतात. कन्सोलच्या व्यवसायात ह्या कुलपाचे स्थान कोणते, हे त्या व्यवसायातील पहिल्या मोठ्या आपत्तीवरून चांगले कळून येते.

३

अटारी कंपनीने १९७७ साली सुमारे २०० डॉलर किमतीचे आपले कन्सोल अमेरिकेत विक्रीस काढले. त्याच्या आदल्याच वर्षी वॉर्नर कम्युनिकेशन्सने ही कंपनी २ कोटी ८० लाख डॉलरांना विकत घेतली होती. खेळ यंत्रात कायमचे बसविलेले नसून वेगळ्या कार्ट्रिजमधून पुरविले जात. त्यामुळे एकाच यंत्रावर अनेक खेळ विकता येत आणि खरा नफा कार्ट्रिजवर होई. तोट्याच्या सिद्धान्तास आवश्यक अशी सर्व सामग्री येथे दिसते. उणीव होती ती एकाच गोष्टीची : परक्या कार्ट्रिजला अडवील असे काहीही ह्या यंत्रात नव्हते.

१९७९ साली अटारीतून बाहेर पडलेल्या चार प्रोग्रामरांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी स्थापन करण्यात भाग घेतला आणि अटारीच्याच यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ तयार करण्यास प्रारंभ केला. अटारीने न्यायालयात धाव घेतली. पण स्वतंत्र खेळ-निर्मितीचा मार्ग तिला बंद करता आला नाही. ॲक्टिव्हिजनचे खेळ बहुतांशी उत्तम होते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. परंतु त्या वाटेने पुढे जे आले ते सर्वच उत्तम नव्हते. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेही खेळांचा विभाग काढला. दुकानांतील फळ्या निकृष्ट खेळांनी भरल्या, न खपलेला माल मातीमोल किमतीस निघाला आणि चांगल्या खेळालाही पूर्ण किंमत मिळेनाशी झाली. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमची वार्षिक विक्री १९८३ मधील सुमारे ३ अब्ज डॉलरांवरून १९८५ पर्यंत सुमारे १० कोटी डॉलरांवर घसरली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९८४ साली वॉर्नरने अटारीचा घरगुती विभाग विकून टाकला. अटारीने न्यू मेक्सिकोतील ॲलमोगॉर्डो येथे पुरलेली कार्ट्रिजे २०१४ साली उकरून काढण्यात आली. त्या वेळी ह्या आपत्तीचे अवशेष अक्षरशः जमिनीतून वर आले.

ह्या पडझडीचे खापर सामान्यतः वाईट खेळांवर फोडले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. अटारीचे स्वतःचे काही खेळही घाईने केलेले आणि प्रमाणाबाहेर उत्पादन केलेले होते. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. यंत्राचा प्रसार करण्याचा खर्च एकाचा आणि त्या प्रसाराचे उत्पन्न सर्वांचे, अशी ही रचना होती.

४

निन्टेन्डोने अमेरिकेत १९८५ साली जे यंत्र आणले त्यात ह्या अनुभवाचे उत्तर होते. जपानमध्ये १९८३ च्या जुलैत १४,८०० येन किमतीस निघालेल्या त्याच्या मूळ ‘फॅमिकॉम’ यंत्रात कुलूप नव्हते. अमेरिकेसाठी केलेल्या आवृत्तीत मात्र ‘१०-एनईएस’ नावाची एक चिप बसविण्यात आली. तशीच जोडीदार चिप कार्ट्रिजमध्ये नसेल, तर यंत्र खेळ चालवावयाचे नाही. ह्या एवढ्याशा चिपेवर कराराची एक मोठी इमारत उभी राहिली. खेळ-निर्मात्याने निन्टेन्डोचा परवाना घ्यावा, कार्ट्रिजे निन्टेन्डोकडूनच तयार करवून घ्यावी व त्यांचे पैसे आगाऊ भरावे, वर्षाला पाचांहून अधिक खेळ काढू नयेत, आणि काढलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही यंत्रासाठी देऊ नये, अशा त्यातील अटी होत्या. पाच खेळांच्या मर्यादेतून वाट काढण्यासाठी कोनामी कंपनीस ‘अल्ट्रा गेम्स’ ह्या दुसऱ्या नावाने दुकान मांडावे लागले, एवढ्यावरून ह्या अटींचा काच किती होता ह्याची कल्पना येईल.

ह्या व्यवस्थेत मालाच्या जोखमीची दिशाच पालटली, हे विशेष होय. कार्ट्रिज खपो अथवा न खपो, ती तयार करण्याचे पैसे निन्टेन्डोच्या पेटीत आधीच जमा होत. न खपलेल्या मालाची चिंता परवानाधारकाने वाहावयाची. अटारीच्या काळात प्रसाराचा खर्च एकाचा आणि उत्पन्न सर्वांचे होते. आता उत्पन्नाचा पहिला घास एकाचा आणि मालाची जोखीम इतरांची झाली. ह्या यंत्राचे जगभर सुमारे ६ कोटी १९ लाख नग विकले गेले. त्याचे श्रेय निन्टेन्डोच्या स्वतःच्या खेळांना आहेच. पण परवान्याच्या व्यवस्थेवाचून ते उत्पन्न एका हाती राहिले नसते.

कुलूप मोडण्याचे प्रयत्न झाले, आणि त्यांवरील निर्णय बोधप्रद आहेत. अटारी गेम्स कंपनीने निन्टेन्डोच्या चिपेतील प्रोग्राम अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोट्या निवेदनाच्या आधारे मिळविल्याचे उघडकीस आले आणि १९९२ साली अपील न्यायालयाने तिच्याविरुद्ध निर्णय दिला. उलट त्याच वर्षी सेगा आणि ॲकोलेड ह्यांच्या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने, बाजारातून घेतलेल्या यंत्राचा व खेळांचा उलगडा करून त्यास जुळणारा खेळ तयार करणे न्याय्य ठरविले. कुलपाचे रक्षण कायदा करतो, पण ते अमर्याद नाही, असा ह्या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ होतो. ह्यांपैकी एकाही वादात, यंत्र तोट्यात विकले होते की नफ्यात, ह्यावर निकाल अवलंबून नव्हता. वाद होता तो दाराच्या किल्लीचा.

५

कुलपाचा अधिकार नसेल तर तोटा सोसताच येत नाही, ह्याचे उदाहरण ‘थ्री-डी-ओ’ ह्या यंत्राने पुरविले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स ह्यांनी ह्या यंत्राची योजना आखली. त्यांच्या कंपनीने यंत्र स्वतः तयार न करता त्याचा आराखडा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखानदारांना परवान्याने दिला आणि प्रत्येक खेळामागे तीन डॉलर एवढेच स्वामित्वशुल्क ठेवले. खेळ-निर्मात्यांना ही अट फारच उदार वाटली. परंतु यंत्र तयार करणाऱ्या पॅनासॉनिकला खेळांच्या उत्पन्नातून काहीच मिळावयाचे नसल्यामुळे तिला आपला सर्व खर्च आणि नफा यंत्राच्या किमतीतूनच काढणे भाग होते. १९९३ साली हे यंत्र ७०० डॉलरांना बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत नामशेष झाले. आकारणीचा अधिकार एकाकडे आणि यंत्राचा खर्च दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली की तोट्याचा सिद्धान्त तत्काळ लटका पडतो, हे येथे जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखे सिद्ध झाले.

ह्याचीच दुसरी बाजू भारतीय वाचकांच्या परिचयाची आहे. जपानी फॅमिकॉममध्ये कुलूप नसल्यामुळे त्याच्या नकला आशियात सर्वत्र निघाल्या. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रे विकली जात ती बहुतांशी ह्याच जातीची होती. कार्ट्रिजला येथे ‘कॅसेट’ म्हणत, आणि एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याची जाहिरात तिच्या वेष्टनावरच केलेली असे. यंत्र विकणाऱ्याचा कॅसेटवर काही हक्क नव्हता आणि कॅसेट विकणाऱ्याला यंत्राशी काही कर्तव्य नव्हते. परिणामी दोहोंच्या किमती आपापल्या उत्पादनखर्चाच्या आसपास स्थिरावल्या. तोटाही नाही आणि आकारणीही नाही. मूळ खेळ-निर्मात्यांना ह्या बाजारातून कवडीही मिळाली नाही. त्यामुळे ही व्यवस्था आदर्श म्हणून पुढे करता येणार नाही; पुरावा म्हणून मात्र तिचे मोल आहे. जेथे कुलूप नाही तेथे यंत्र तोट्यात विकण्याची बुद्धी कोणालाही होत नाही.

६

आता ज्या ठिकाणी तोटा खरोखरच सोसला गेला त्या उदाहरणांकडे वळावयास हवे. कारण ती नाकारणे हे चिकित्सेचे लक्षण नव्हे. सोनीचे तिसरे प्लेस्टेशन नोव्हेंबर २००६ मध्ये निघाले. त्याच्या स्वस्त आवृत्तीची अमेरिकेतील किंमत ४९९ डॉलर होती. आयसप्लाय ह्या संस्थेने यंत्र उलगडून केलेल्या अंदाजाप्रमाणे तिचा उत्पादनखर्च सुमारे ८०६ डॉलर होता. ‘सेल’ ही नवी प्रक्रियक-चिप आणि ब्ल्यू-रे तबकडी वाचणारे साधन ह्यांनी हा खर्च चढविला होता. मार्च २००७ अखेरच्या वर्षी सोनीच्या गेम-विभागास सुमारे २३२ अब्ज येनांचा तोटा झाला. मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या पहिल्या एक्सबॉक्सची कथा निराळी असली तरी निष्पत्ती तीच. त्यातील मुख्य चिपा इंटेल आणि एनव्हिडिया ह्यांच्याकडून विकत घेतल्या जात. त्यांच्या रचनेवर मायक्रोसॉफ्टचा हक्क नसल्यामुळे काळ लोटला तरी खर्च अपेक्षेप्रमाणे उतरेना, आणि एनव्हिडियाशी दरांबाबतचा वाद लवादापुढे गेला. २००५ साली एक्सबॉक्स ३६० काढताना चिपांच्या रचनेचे हक्क कंपनीने आपल्याकडे ठेवले, तो ह्या अनुभवाचाच परिणाम होय.

ह्यावरून तोट्याचे खरे स्वरूप स्पष्ट होते. बहुतेक तोटा हा यंत्राच्या आयुष्यातील आरंभीच्या काळाचा असतो. चिपा लहान होत जातात, सुटे भाग कमी होतात, उत्पादनाचा हात बसतो आणि तेच यंत्र उत्तरोत्तर स्वस्तात तयार होऊ लागते. पाचवे प्लेस्टेशन नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरांना निघाले, आणि ह्या किमतीच्या आवृत्तीवर आता तोटा होत नाही, असे सोनीने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले. आरंभीचा तोटा म्हणजे भावी खर्चकपातीवर लावलेली एक पैज असते. ती जिंकली तर तोटा काही महिन्यांत सरतो. पैज फसली तर खेळांवरील आकारणीही तारू शकत नाही. सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्राचे नव्वद लाखांहून थोडे अधिक नग विकले गेले आणि २००१ साली सेगाने कन्सोलचा धंदाच सोडला. पुढे हीच कंपनी सोनी, निन्टेन्डो व मायक्रोसॉफ्ट ह्यांच्या यंत्रांसाठी खेळ काढू लागली. दाराची मालकीण दारावर पट्टी भरणारी झाली.

आणि नफ्याची उदाहरणे तोट्याच्या उदाहरणांहून कमी ठळक नाहीत. प्लेस्टेशन ३ ज्या महिन्यात निघाले त्याच महिन्यात निन्टेन्डोचे ‘वी’ २४९ डॉलरांना निघाले. त्यातील तंत्र आधीच्या यंत्रावरून बेतलेले असल्यामुळे ते पहिल्या दिवसापासून नफा देत होते, आणि त्याचे १० कोटींहून अधिक नग विकले गेले. २०१७ सालचे ‘स्विच’ हेही तोट्यात विकले गेले नाही. त्याची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. ह्याउलट २०१२ सालचे ‘वी यू’ खर्चाहून कमी किमतीस विकण्यात आले आणि ते निन्टेन्डोच्या मोठ्या अपयशांपैकी एक ठरले. एकाच कंपनीच्या इतिहासात नफ्याचे यंत्र यशस्वी आणि तोट्याचे यंत्र अयशस्वी ठरल्याचे दिसत असता, तोटा हा ह्या व्यवसायाचा नियम होय, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

७

ह्या विषयाचा शास्त्रीय विचार करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी तोट्याचा सिद्धान्त इतक्या ढोबळ स्वरूपात कधीच मांडलेला नाही. फ्रान्समधील झाँ-शार्ल रोशे आणि झाँ तिरोल ह्यांनी २००३ साली दुतर्फी बाजाराचे जे विवेचन केले, त्यात कन्सोल हे एक प्रमुख उदाहरण आहे. तिरोल ह्यांना २०१४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खेळणारे असल्यावाचून खेळ-निर्माते येत नाहीत आणि खेळ असल्यावाचून खेळणारे येत नाहीत. म्हणून दोहोंना एकत्र आणणारा मध्यस्थ एका बाजूस सवलत देतो आणि दुसऱ्या बाजूकडून वसुली करतो, हा त्या विवेचनाचा गाभा होय.

मराठी वाचकास ही कल्पना सर्वस्वी नवी वाटू नये. पेशवाईत नवी पेठ वसवावयाची असली म्हणजे व्यापाऱ्यांना कौल देऊन काही वर्षे जकात व इतर पट्ट्या माफ केल्या जात. दुकाने आली की गिऱ्हाईक येई, गिऱ्हाईक आले की आणखी दुकाने येत, आणि मुदत सरल्यावर सरकारची वसुली सुरू होई. येथे सवलत विकणाऱ्याला होती, कन्सोलच्या बाजारात ती घेणाऱ्याला असते, तत्त्व एकच. परंतु वसुली कशाच्या बळावर होई, हा प्रश्न विचारला तर उत्तर स्पष्ट आहे. ती पेठेवरील अधिकाराच्या बळावर होई. माफीच्या वर्षांत बुडालेल्या उत्पन्नाचा हिशेब लावून तेवढी रक्कम फिटताच जकात बंद करावी, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

दुतर्फी बाजाराचा सिद्धान्त भार दोन बाजूंत कसा वाटला जातो ते सांगतो. पण एकूण भार किती असावा आणि तो रास्त कधी, ह्याचे उत्तर नुसत्या वाटणीवरून निघत नाही. त्यासाठी मध्यस्थाला स्पर्धा आहे की नाही, हे पाहावे लागते. तोट्याच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते वाटणीचे स्पष्टीकरण उचलतात आणि त्यावरूनच भाराच्या रास्तपणाचा निष्कर्ष काढतात. ही उडी तर्कदृष्ट्या मान्य होण्याजोगी नाही.

८

आकारणी ही खरोखरच भरपाई असती, तर तोट्याच्या चढउताराबरोबर तिचाही चढउतार झाला असता. ही कसोटी लावून पाहणे कठीण नाही. निन्टेन्डोचे यंत्र नफ्यात आणि मायक्रोसॉफ्टचे तोट्यात विकले जात असताही दोघांच्या डिजिटल दुकानांतील वाटा सर्वसाधारणपणे तोच राहिला. प्लेस्टेशन ५ चा आरंभीचा तोटा सरला, पण त्यामुळे ३० टक्क्यांचे २० झाले नाहीत. वैयक्तिक संगणकावर खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ ह्या दुकानाने ग्राहकाला तोट्यात विकलेले कोणतेही यंत्र जवळ नसताना अनेक वर्षे हाच वाटा घेतला. जेथे तोटा आहे तेथे ३० टक्के, जेथे नफा आहे तेथे ३० टक्के आणि जेथे यंत्रच नाही तेथेही ३० टक्के, असे दिसत असता त्या आकड्याचे कारण यंत्रावरील तोट्यात शोधणे व्यर्थ होय.

ह्याहूनही बोलका पुरावा मायक्रोसॉफ्टनेच दिला. २०१८ च्या अखेरीस एपिकने संगणकासाठीच्या आपल्या दुकानात केवळ १२ टक्के वाटा घेण्यास प्रारंभ केला. ऑगस्ट २०२१ पासून मायक्रोसॉफ्टनेही संगणकावरील खेळांसाठी आपला वाटा ३० वरून १२ टक्क्यांवर आणला. एक्सबॉक्सवर मात्र तो ३० टक्केच राहिला. कंपनी तीच, दुकान तेच, पुष्कळदा खेळही तोच. संगणकाच्या मालकास दुसऱ्या दुकानात जाता येते, कन्सोलच्या मालकास डिजिटल खेळासाठी जाता येत नाही. ह्या फरकाचे समर्थन यंत्राच्या तोट्याने करता येईल, असे कोणी म्हणेल. परंतु नफ्यावर यंत्र विकणाऱ्या निन्टेन्डोच्या दारावरही दर उतरत नाही, हे त्या समर्थनाच्या आड येते.

गेल्या काही वर्षांतील किमतींनी ह्या सिद्धान्ताचा उरलासुरला आधारही खिळखिळा केला आहे. पूर्वी खर्च उतरला की यंत्राची किंमत उतरे. २००० साली २९९ डॉलरांना निघालेले प्लेस्टेशन २ हे २००९ साली ९९ डॉलरांना मिळत होते. आता ओघ उलटा झाला आहे. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना निघालेले प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांचे झाले. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची किंमत ५० डॉलरांनी वाढली, आणि २०२० साली ४९९ डॉलरांना निघालेले एक्सबॉक्स सिरीज एक्स ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६४९ डॉलरांवर गेले. चिपांच्या लहान होण्याबरोबर खर्चही घटेल ही जुनी शाश्वती उरलेली नाही, महागाई वाढली, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या आयात-शुल्काचीही त्यात भर पडली. ही कारणे खरी आहेत. परंतु यंत्राचा वाढता खर्च जर ग्राहकाकडूनच किमतीच्या रूपाने वसूल होत असेल, तर त्याच खर्चाच्या नावाने खेळांवरील वाटा कायम ठेवण्याचे समर्थन दुबळे होते.

कन्सोल-कंपन्यांच्या बाजूने दोन गोष्टी मात्र न्यायबुद्धीने नमूद केल्या पाहिजेत. पहिली अशी की, दारावर पहारा असण्याचे काही लाभ ग्राहकालाही मिळतात. पहारा नसलेल्या बाजाराचे काय होते ते १९८३ साली दिसले. दुसरी अशी की, ह्या धंद्यात अपयश फार महाग पडते. ड्रीमकास्ट आणि वी यू ह्यांच्यावर बुडालेले धन यशस्वी यंत्रांच्या उत्पन्नातूनच भरून निघावे लागते, आणि जोखीम पत्करणाऱ्यास तिचा मोबदला मिळावा हे अर्थशास्त्रास धरूनच आहे. परंतु पहाऱ्याचा मोबदला पहाऱ्याच्या खर्चाशी आणि जोखमीचा मोबदला जोखमीशी ताडून पाहता येतो. तोट्याची ढाल पुढे केली की ही तुलनाच टळते. शिवाय जोखीम एकट्या यंत्र-निर्मात्याचीच नसते. वर्षानुवर्षे खपून एखादा खेळ उभा करणारी छोटी मंडळीही अपयशाच्या छायेतच काम करीत असतात, आणि त्यांचा खेळ पडला तर त्यांच्या तोट्याची भरपाई करून देणारा सिद्धान्त अद्याप कोणी मांडलेला नाही.

दाराची मालकी दिवसेंदिवस अधिक पक्की होत आहे, ही बाब ह्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. खेळ तबकडीवर मिळत असेतोवर ग्राहकास तो निरनिराळ्या दुकानांतून घेता येई, दुसऱ्यास उसना देता येई, जुना म्हणून विकताही येई. कंपनीच्या दरास तेवढी तरी बाहेरची स्पर्धा होती. तबकडीचे साधनच नसलेली प्लेस्टेशन ५ ची आवृत्ती २०२० साली १०० डॉलर कमी किमतीत देण्यात आली. वरवर पाहता ही ग्राहकास दिलेली सूट होती. परंतु ज्याने ही सूट घेतली त्याने जुन्या तबकड्यांच्या बाजाराचा त्याग केला आणि पुढील प्रत्येक खेळासाठी एकाच दुकानाशी आपणास बांधून घेतले. १०० डॉलरांतील काही भाग साधनाच्या खर्चाचा असेल. उरलेल्या भागास किल्लीची किंमत म्हणणेच योग्य होईल.

९

एवढ्या विवेचनावरून तोट्याच्या सिद्धान्ताची फेरमांडणी अशी करावी लागते : कन्सोल-व्यवसायाचा पाया यंत्रावरील तोटा हा नसून, त्या यंत्रावर कोणाचे खेळ चालावे हे ठरविण्याचा अधिकार हा आहे. हा अधिकार हाती असलेली कंपनी यंत्र तोट्यात विकू शकते, खर्चाच्या किमतीस विकू शकते अथवा नफ्यातही विकू शकते. कोणता मार्ग धरावयाचा हे स्पर्धा, तंत्र आणि धाडस ह्यांवर अवलंबून राहते. हा अधिकार गमावलेली कंपनी, अटारीप्रमाणे, यंत्र खपवूनही बुडते. आणि तो ज्याच्या वाट्यास कधी आलाच नाही तो, पॅनासॉनिकप्रमाणे, यंत्र स्वस्तात देऊच शकत नाही.

ही फेरमांडणी मान्य झाल्यास वादाची भूमीही बदलते. कन्सोल-कंपनीने यंत्रावर किती गमावले, हा हिशेब न्यायालयास किंवा कायदेमंडळास विचारार्ह वाटो; पण तो निर्णायक मानता येणार नाही. विचारावयाचा प्रश्न हा की, दारावरील अधिकारास स्पर्धेचा किंवा नियमाचा कोणता अंकुश आहे, आणि त्या दारातून आत येणाऱ्या खेळ-निर्मात्यास व खेळणाऱ्यास दुसरी वाट उपलब्ध आहे काय. यंत्राची किंमत खोक्यावर छापलेली असते आणि ती सर्वांना दिसते. दाराची किंमत पुढे प्रत्येक खेळामागे दिली जाते, आणि ती देणाऱ्यास बहुधा दिसत नाही. ह्या व्यवसायाच्या कोणत्याही प्रामाणिक हिशेबात ही दुसरी किंमत प्रथम मांडावी लागेल.